बिऱ्हाड नाशिकला, डोक्यात शिक्षकी पेशा: वाटेतल्या कोणत्या सेवा पैसे वसूल?

नाशिकला राहायला येणाऱ्यांत एक प्रकारचे कुटुंब हल्ली बरेच दिसते. दोघांपैकी एकाची नोकरी अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत किंवा घरूनच चालणारी, दुसऱ्याला आता शिक्षक व्हायचे आहे, आणि मुले बालवाडी ते पाचवीच्या दरम्यान. अशा कुटुंबाला थोड्याच दिवसांत बऱ्याच जणांचे पैसे मोजावे लागतात: पॅकर्स-मूव्हर्स, घराचा एजंट, भाडेकरार करून देणारा, मुलांची शाळा, बी.एड.चे फॉर्म भरणारे सायबर कॅफे, आणि ‘शाळेत लावून देतो’ म्हणणारा मध्यस्थ. या सगळ्यांचा हा एकत्र आढावा.

निकाल आधीच सांगतो. लोक सगळ्यात जास्त चौकशी ट्रकवाल्याची करतात, आणि नाशिकपुरते तेच काम सगळ्यात सरळ आहे. घोळ होतो तो शिक्षण खात्याच्या वेळापत्रकात आणि घर आधी घेऊन शाळा नंतर शोधण्यात. म्हणून क्रम उलटा धरलेला बरा: कोणत्या इयत्तांना शिकवायचे ते पहिले, मग स्वतःची आणि मुलांची शाळा, मग घर, आणि ट्रक शेवटी.

इयत्ता ठरल्याशिवाय फॉर्म भरू नका

बी.एड. झाले की कुठेही शिकवता येते, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला मोडीत काढली. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचे डी.एड. लागते. लहान मुलांत रमणाऱ्याने दोन वर्षे बी.एड.ला घातली तर ती त्या वर्गांसाठी फुकट जातात. दहावीला गणित शिकवायचे असेल तर डी.एल.एड. पुरत नाही. काही खासगी शाळा या बाबतीत ढिलाई करतात, पण अशा ढिलाईवर मिळालेली नोकरी पहिल्या तपासणीत अडचणीत येते.

पहिली ते आठवीला शिकवायचे तर पुढची पायरी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची महाटीईटी आणि सीबीएसईची सीटीईटी, दोन्हींत १५० प्रश्न आणि १५० मिनिटे. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. महाटीईटीत राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, त्यामुळे नाशिकला यायच्या आधीच ही परीक्षा देऊन टाकणे शहाणपणाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागणार आहे. म्हणजे परीक्षा केंद्रावर तुमच्या शेजारच्या बाकावर वीस वर्षे शिकवलेले गुरुजी बसलेले दिसले तर नवल नको.

टीईटीसाठी क्लास लावावा का? पहिल्या पेपरचे पाच भाग प्रत्येकी ३० गुणांचे: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. यातले बालमानसशास्त्र आणि परिसर अभ्यास घरी होतात. परिसर अभ्यासाला बालभारतीची तिसरी ते पाचवीची पुस्तकेच सगळ्यात कामाची. गणित सुटून वर्षे झाली असतील तर तेवढ्यापुरता क्लास पैसे वसूल. ‘संपूर्ण बॅच’ घेऊन बहुतेक जण जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्ससाठी पैसे मोजतात, आणि त्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात.

पवित्र पोर्टल: कारभार स्वच्छ, वेळेचा भरवसा नाही

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित खासगी शाळांतली भरती पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होते. त्यासाठी टीईटीपेक्षा वेगळी अशी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते: २०० प्रश्न, १२० मिनिटे, त्यात १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. प्रश्नांपेक्षा घड्याळ जड जाते. एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात. तयारीही तशीच करावी: प्रकरणे वाचत बसण्यापेक्षा वेळ लावून संगणकावर सराव.

सेवा म्हणून पोर्टलचे मोठे गुण दोन. गुण आणि पसंतीक्रम यांवर यादी लागते, आणि ‘मुलाखतीशिवाय’ या पर्यायात संस्थाचालकाच्या केबिनमध्ये जाऊन बसावे लागत नाही. ‘मुलाखतीसह’ या पर्यायात खासगी संस्था उमेदवार बोलावून निवडते, तिथे विषयाची गरज आणि संस्थेची मर्जी दोन्ही चालतात. दोष एकच, पण तो सगळ्यावर पाणी फिरवणारा: ही चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, नंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. एवढ्या अंतराने चालणाऱ्या भरतीच्या भरवशावर घराचा हप्ता काढायचा नसतो.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. आणि जागा कुठली मिळेल? नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन बसलेल्याला सुरगाणा किंवा पेठची शाळा मिळाली तर रोज येऊन-जाऊन करणे अवघड. पावसाळ्यात तर विचारच नको. दिंडोरी, सिन्नर किंवा त्र्यंबकेश्वर मिळाले तर २५-३० किलोमीटरचा प्रवास, तो जमतो. म्हणून पोर्टलचा मार्ग धरणाऱ्याने नियुक्ती हातात येईपर्यंत भाड्यानेच राहावे. आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकलाच आहे, पण त्यांच्या आश्रमशाळा दूरच्या पाड्यांवर आणि कामाचे स्वरूप निवासी. लहान मुले असलेल्या घराने ते नीट विचारून घ्यावे.

बी.एड. प्रवेश आणि सायबर कॅफे

नियमित बी.एड. दोन वर्षांचे. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून: १०० प्रश्न, ९० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे तर इंग्रजीची वेगळी चाचणी त्याच फॉर्ममध्ये निवडावी लागते. ती खूण राहिली की वर्ष जाते. पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

शहरातली शिक्षणशास्त्र महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. मविप्रसारख्या (मराठा विद्या प्रसारक समाज) १९१४ पासूनच्या जुन्या संस्थेचेही आहे, नव्या संस्थांचीही आहेत. पाहायचे ते तीन: एनसीटीईची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद) मान्यता चालू आहे का, अनुदानित की विनाअनुदानित, आणि सराव पाठांसाठी त्यांना कोणत्या शाळा मिळतात. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, आणि खरी तीच महत्त्वाची. अभ्यासक्रमात २० आठवडे शाळेत काढायचे असतात. इंटर्नशिपला ९० टक्के आणि एरवी ८० टक्के हजेरीचा नियम आहे. महाविद्यालयाचा ज्या शाळांशी संबंध, त्याच शाळांचे मुख्याध्यापक तुमचे पाठ पाहतात आणि पुढे जागा निघाली की त्यांनाच तुमचे नाव आठवते. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यावर ‘डेव्हलपमेंट’च्या नावाने काही मागितले तर पावती मागावी. पावती म्हटले की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

मुक्त विद्यापीठाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकलाच, गंगापूर धरणाकडे गोवर्धनला आहे. म्हणून ‘घरी बसून तिथून बी.एड. करू’ असे नवे लोक गृहीत धरतात. दूरशिक्षणाचे बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा आधी समोरासमोरचे शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी असते. कोऱ्या पदवीधराला ते मिळत नाही. त्याने नियमित बी.एड.च करावे आणि त्या दोन वर्षांत पूर्ण वेळ नोकरीचा विचार सोडावा.

सायबर कॅफेत फॉर्म भरून घेणे वाईट नाही. स्कॅनिंग आणि फोटोचा आकार ते पटकन जमवतात. पण पाच गोष्टींवर नजर ठेवा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच टाकायला लावा. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, आणि प्रवेश फेरीच्या रात्री ओटीपी त्याच्याकडे, दुकान बंद. पासवर्ड कागदावर लिहून घ्या. जात प्रमाणपत्र महाराष्ट्रातलेच चालते. परराज्यातले असेल तर खुल्या प्रवर्गातून भरा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रवेशाच्या वर्षाला पुरते का ते बघा. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी खास: दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पदवीवर तिसरेच, असे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवा. कागदपत्र पडताळणीत सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तो पडताळणीच्या आठवड्यात करायचा नसतो.

खासगी शाळा, मध्यस्थ आणि नेमणुकीचा कागद

सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाचे जूनच्या मध्याला. त्यामुळे शिक्षकांच्या मुलाखती साधारण फेब्रुवारी ते मे. रविवारच्या ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘देशदूत’मध्ये जाहिराती बघाव्यात, पण शाळेत प्रत्यक्ष अर्ज देऊन येणे जास्त लागू पडते. केंद्रीय विद्यालये नेहरूनगर, देवळाली आणि ओझर या बाजूंना आहेत. त्यांच्या कंत्राटी शिक्षकांच्या थेट मुलाखती शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस निघतात आणि सूचना शाळेच्या संकेतस्थळावरच लागते. सीटीईटी झालेल्या नवख्यासाठी सुरुवातीचा हा चांगला अनुभव. देवळालीच्या आर्मी पब्लिक स्कूलला मात्र त्यांची वेगळी ऑनलाइन चाळणी परीक्षा लागते.

डेमो पाठ १०-१५ मिनिटांचा. फळ्यावरचे अक्षर, मुलांना प्रश्न विचारण्याची पद्धत आणि आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का, एवढेच बघतात. स्लाइड घेऊन जाऊ नका. प्रोजेक्टर लागेपर्यंत वेळ संपतो.

मध्यस्थांबद्दल मत स्पष्ट आहे: शिक्षकाकडून नोंदणी फी किंवा पहिला पगार मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. हे लोक ज्या शाळांची नावे सांगतात, त्या शाळांच्या फाटकावर अर्ज फुकट घेतात. ‘अनुदानित जागेवर लावतो, संस्थेला अमुक लाख’ म्हणणारा तर टाळाच. पवित्रच्या बाहेरून भरलेल्या जागेला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता मिळवता मिळवता वर्षे जातात, आणि दिलेल्या लाखांचा कुठे कागद नसतो.

नेमणूक खासगी असली तरी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. नेमणुकीचा आदेश नियमांतल्या अनुसूची ‘ड’च्या नमुन्यात लेखी मागा, रिक्त कायम जागेवर असाल तर परिवीक्षा दोन वर्षांची, आणि बेकायदा काढले तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. नोकरी सोडताना कायम शिक्षकाला तीन महिने आणि अस्थायीला एक महिना नोटीस द्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रे शाळेकडे ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तपासून परत घ्या, साक्षांकित प्रती द्या. पगार बँकेतूनच घ्यावा. शिक्षकाच्या पाल्याला फीत सवलत मिळत असेल तर तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ती आदेशात किंवा निदान ईमेलवर लिहून घ्या, कारण महिन्याच्या हिशोबात पगारातल्या हजार-दोन हजारांपेक्षा ती सवलत कधीकधी मोठी असते.

मुलांची शाळा: सात आणि नऊचा पेच

मुलांच्या शाळेबद्दल फी आणि मैदान सोडून कुणी बोलत नाही, पण शिक्षक व्हायचे असलेल्या पालकाचा खरा पेच वेळेचा आहे. राज्याने २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. माध्यमिक वर्ग मात्र कित्येक शाळांत सकाळी सातलाच भरतात. म्हणजे आई किंवा बाबा आठवीच्या वर्गावर सात वाजता उभे, आणि दुसरीतल्या मुलाला नऊपर्यंत सांभाळणारे कुणी नाही. एकाच संस्थेत पालक शिक्षक आणि मूल विद्यार्थी, हा योग वाटतो तितका सोयीचा नाही. मुलाखतीला जातानाच तुमचा विभाग कोणत्या सत्रात भरतो ते विचारा, आणि घरी आजी-आजोबा नसतील तर दुपारच्या सत्रातली जागा किंवा पाळणाघर आधी बघा.

वयाची अट मंडळागणिक बदलते, आणि इथे बदलून येणाऱ्यांचे वर्ष वाया जाते. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. सप्टेंबरात जन्मलेले मूल एकीकडे बसते, दुसरीकडे नाही.

कागद: शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षाचे प्रगतिपुस्तक, यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीतला विद्यार्थ्याचा पेन क्रमांक, अपार हा विद्यार्थी-ओळख क्रमांक असल्यास तो. राज्याबाहेरून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घ्या. नंतर त्या एका शिक्क्यासाठी पुन्हा प्रवास होतो. जुन्या शाळेने पोर्टलवरून विद्यार्थ्याला ‘सोडले’ नाही तर नवी शाळा त्याला आपल्या पटावर घेऊ शकत नाही, हे जास्त वेळखाऊ. दाखल्याच्या दिवशीच तिथल्या लिपिकाकडून ते करून घ्यावे. दाखला उशिरा आला म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते आहे. मराठी विषय दहावीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे, म्हणून बाहेरच्या राज्यातून आलेल्या सातवी-आठवीच्या मुलाला उन्हाळ्यातच मुळाक्षरे सुरू करावीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांत बसत असाल तर भाडेकरार नोंदणीकृतच हवा, आणि अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा. नोटरीचा कागद तिथे चालत नाही. शाळेपासूनचे अंतर नकाशावर मोजले जाते आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. याचा अर्थ घर निवडतानाच शाळा निवडली जाते.

घर, एजंट, भाडेकरार

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर भागात शाळा भरपूर आणि भाडेही चढे. पाथर्डी फाटा आणि म्हसरूळ-मखमलाबाद बाजूला नव्या इमारती जास्त. घर बघताना पाणी महापालिकेचे येते की टँकरचे, हे वॉचमनला विचारा, एजंटला नको. नाशिकरोड-जेलरोडला रेल्वे जवळ; मुंबईला अधूनमधून जावे लागणाऱ्याने तिथेच बघावे, कारण स्टेशन शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर आहे आणि द्वारका चौक संध्याकाळी जीव खातो. शाळेच्या बसेस नाशिकरोडहून गंगापूर रोडला सहसा येत नाहीत. २०२१ पासूनच्या सिटीलिंक या शहर बससेवेच्या बसेस मोठ्या मुलांना आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना उपयोगी. पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकाहून बहुतेक दिशांना मिळतात.

पंचवटी-तपोवन भागात यंदा घर बघत असाल तर २०२७ चा सिंहस्थ लक्षात घ्या. रस्त्यांची कामे आणि पर्वण्यांचा बंदोबस्त याच पट्ट्यात जास्त. रोज सकाळी ठरलेल्या वेळी शाळेत पोहोचायचे आहे, हे विसरून स्वस्त भाड्याला भुलू नका.

एजंट एक महिन्याचे भाडे घेतो. त्या बदल्यात त्याने दोन कामे करावीत: मालकाच्या वीजबिलाची थकबाकी तपासणे आणि सोसायटीचे ‘कुटुंबालाच’ वगैरे नियम आधी सांगणे. घरी शिकवण्या घेणार असाल तर ते सोसायटीला चालते का, हेही त्याच्याकडूनच काढून घ्या. न विचारता दहा मुलांच्या चपला जिन्यात दिसल्या की तक्रार ठरलेलीच.

भाडेकराराची घरपोच ऑनलाइन नोंदणी ही या यादीतली सगळ्यात समाधानकारक सेवा. अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन माणूस घरी येतो. खर्चाचा हिशोब असा: भाडे १४,०००, अनामत ४०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडे १,५४,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून ४,०००, बेरीज १,५८,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक म्हणजे ४०० च्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी १,०००, दस्त हाताळणी ३००. सरकारी खर्च सुमारे १,७००. त्यावर जे मागतील ते सेवेचे. अनामतीचा आकडा कमी दाखवा असे मालक म्हणाला तर ऐकू नका, वाचतात ते जेमतेम दहा रुपये आणि परत मागताना अडतो तो आकडा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, खर्च मात्र बहुतेक जण निम्मा-निम्मा वाटून घेतात.

ट्रक

मुंबई किंवा पुण्याहून नाशिक म्हणजे एका दिवसाचे काम. म्हणून ‘पार्ट लोड’ घेऊ नका. सामान गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढते आणि मोडतोड तिथेच होते. वन बीएचकेला ४०७ टेम्पो, टू बीएचकेला १४ फुटी आयशर, त्याहून मोठ्या घराला १७ फुटी. सिडकोच्या गल्ल्यांत आणि जुन्या नाशकात १७ फुटी गाडी आत जात नाही. मग चौकात छोटा हत्ती लावून दुसरा हमालीचा खर्च निघतो. तो कुणाचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या, नव्या घराखालच्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवून. लिफ्टमध्ये सामान नेऊ देतात का, हेही.

पुस्तकांची खोकी छोटी असावीत आणि एकाचे वजन १५ किलोच्या आत, बी.एड.ची पुस्तके मोठ्या खोक्यात भरली की तळ सुटतो. पार्टिकल बोर्डाची कपाटे सुटी करून पुन्हा जोडली की स्क्रू धरत नाहीत, तेव्हा लहान कपाट उभेच न्यावे. फ्रंट लोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट सापडत नसतील तर कंपनीकडून आधी मागवा. बोल्टशिवाय नेले की ड्रमची स्प्रिंग जाते. फ्रिज उभा न्यावा आणि उतरवल्यावर चार-सहा तास थांबूनच चालू करावा. इन्व्हर्टरची बॅटरी शेवटी, उभी, टर्मिनलला टेप लावून. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये जात नाही: दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर-रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचे आणि नाशिकच्या एजन्सीत ते दाखवायचे. मुंबईहून दुचाकी चालवत आणणार असाल तर समृद्धी महामार्ग तिला बंद आहे. कसारा घाटानेच या.

तारखेबाबत: मे अखेर आणि महिन्याचा शेवट महाग. पितृपक्षात कुणी घर हलवत नाही, त्यामुळे गाड्या रिकाम्या असतात, पण तोवर शाळा सुरू होऊन तीन महिने झालेले असतात. एप्रिल किंवा मेचा मधला आठवडा बरा.

सगळे मूळ दाखले, गुणपत्रिका, टीईटी प्रमाणपत्र आणि मुलांचे दाखले स्वतःच्या पिशवीत ठेवावेत. ‘विमा’ म्हणून तीन टक्के आकारले तर पावतीवर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे का बघा; नसेल तर तो नुसता आकार आहे. बिल्टी म्हणजे एलआर, ही मालवाहतुकीची पावती घेतल्याशिवाय गाडी सोडू नका, त्यावर खोक्यांची संख्या आणि महाग वस्तूंची नावे हवीत. काही फुटले तर उतरवतानाच फोटो काढून बिल्टीवर शेरा मारून चालकाची सही घ्यावी, आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोहोचवावी. त्यानंतर दावा टिकत नाही.